मावशी, फोन कपाटातून बाहेर काढा

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. हे सदर दीड वर्षाचं, दुकान एकोणीस वर्षांचं. फोनविषयीचे प्रश्न वाचक अजूनही वहीच्या पानावर लिहून पोस्टाने पाठवतात, नाहीतर दुकानात येऊन हातात देतात. संपादकांना याची गंमत वाटते. मला नाही वाटत. कुत्रा चावेल अशी भीती असलेला माणूस कुत्र्यालाच जाऊन विचारत नाही. या महिन्याला चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला माझं स्वतःचं कारण आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६९. चवथ झाल्यावर भाच्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. उघडायला गेले तर फोन काही ना काही विचारत राहिला, मी 'हो' म्हणत गेले. पत्रिका काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून दोन वेळा मिळून ३८ हजार रुपये गेले आणि तीच पत्रिका माझ्या नावाने सगळ्या नातेवाइकांना पोचली. मुलगा म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" त्या दिवसापासून फोन कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि आता हे मला झेपत नाही असंच समजायचं का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मावशी, आधी ती पत्रिका काय होती ते सांगते, म्हणजे मुलाला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला सुचेल.

खरी पत्रिका एक तर फोटो असते, नाहीतर पीडीएफ. बोट लावलं की उघडते, काही विचारत बसत नाही. तुम्हाला आलेल्या फाइलच्या नावाला शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरं असणार, पैजेवर सांगते. एपीके म्हणजे अख्खं ॲप, गाठोडं बांधून पाठवलेलं. त्यावर बोट लावलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे ॲप घालू का? घातलं की ते ॲप विचारतं, तुमचे मेसेज वाचू का? दोन्हींना 'हो' मिळालं की बँकेचा ओटीपी, म्हणजे पैसे देताना मेसेजने येणारा एकवेळचा गुप्त आकडा, तुमच्याआधी चोर वाचतो. लग्नाचं आमंत्रण द्यायला घरी येणारा माणूस अक्षता नि पत्रिका देवापुढे ठेवतो, चहा घेतो, निघतो. कोठीच्या खोलीची किल्ली मागत नाही. वाहतुकीचं चलन, बँकेची केवायसी अशी नावं बदलून हेच गाठोडं दारोदार फिरतंय. भाच्याच्या नंबरवरून आलं, कारण तुमच्याआधी भाच्याने ते उघडलं होतं. त्यालाही कोणी ओरडलं का, विचारा एकदा.

आणि त्या वेळी फोन तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलत होता? इंग्रजीत, बारीक अक्षरांत. दुकानात मी रोज बघते, पडद्यावर मध्येच काही आलं की निम्मी माणसं ते घालवायला बटण दाबतात. कुठलं बटण ते बघत नाहीत, जेवताना पानावरची माशी उडवावी तसं दाबतात. ह्याला अडाणीपणा म्हणत नाहीत. न कळणाऱ्या भाषेत कोणी मध्येमध्ये बोलत राहिलं की माणूस 'बरं, बरं' म्हणून सुटका करून घेतो, तसं आहे हे.

आता माझं कारण. दोन वर्षांपूर्वीचा जून. पाऊस धो धो, वीज दिवसातून चारदा जात होती. दुकानाचं शटर ओढताना मेसेज आला, वीज खात्याच्या नावाने : मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी बोला. बिल मी भरलं होतं. त्या महिन्यात अर्ध्या वाड्याची बिलं माझ्याच हातून भरली गेली होती! तरी फोन केला. पलीकडचा इतका अदबीने बोलणारा. "मॅडम, दहा रुपये भरा म्हणजे नोंद ताजी होईल, मी तुमच्या स्क्रीनवर बघून सांगतो," म्हणत त्याने एक ॲप घालायला लावलं. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आलेला ओटीपी, सगळं तो माझ्याबरोबरच वाचत होता. ११,४०० रुपये गेले. नवऱ्याला मी दोन दिवस सांगितलं नाही. लोकांना शहाणपण विकणारी बाई मी, कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या दिवशी १९३० ला फोन केला. पहिला प्रश्न आला, "पैसे किती वाजता गेले?" म्हटलं, "परवा संध्याकाळी." पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तो का थांबला ते नंतर कळलं. १९३० हा आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी देशभरचा एकच नंबर आहे. तिथे नोंद झाली की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे जाते, आणि पैसे त्या खात्यात अजून असतील तर तिथेच गोठवले जातात. पण चोर पैसे एका जागी ठेवत नाही. या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी चार खात्यांत, मग एटीएममधून बाहेर. म्हणून पहिला तास-दोन तास महत्त्वाचे. माझे दोन दिवस लाजण्यात गेले.

तरी तुमचं सगळं हातचं गेलं असं नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी डल्ला मारला, अशा वेळी कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाला झळ बसू नये, असं त्यात आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगून चूक केली असली, तरी कळवल्यानंतर जे जाईल त्याला बँक जबाबदार. तुम्ही ओटीपी कोणाला सांगितला नाही, तो चोरला गेला, हे बँकेला लेखी द्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. काउंटरवरून कोणी "शिकल्या-सवरलेल्या असून?" असं म्हणालं (मला म्हणाले होते), तर ऐकून न ऐकल्यासारखं करा आणि पुन्हा शिक्का मागा. १९३० ला फोन केला नसेल तर आजही करा. गोव्याचं सायबर गुन्हे पोलीस ठाणं रायबंदरला आहे, पण १९३० साठी घरातून हलावं लागत नाही.

फोनचं म्हणाल तर साड्यांखाली ठेवून तो बरा होत नाही. चालू केला की ते ॲप पुन्हा कामाला लागेल. म्हणून सुरू करण्याआधी सिम काढा, वायफाय बंद असू द्या, तो मेसेज आणि फाइलचं नाव दिसेल असा दुसऱ्या फोनने फोटो काढा, कारण तक्रारीला लागेल. नातवंडांचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग सेटिंग्जमधून फोन पार रिकामा करा, फॅक्टरी रीसेट म्हणतात त्याला. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. व्हॉट्सॲप पुन्हा घातल्यावर त्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन ठेवा. हे सगळं एकटीने करू नका. इकडे यायचं झालं तर डिचोलीहून फोंड्याची बस आहे, सकाळी अकरापर्यंत दुकानात गर्दी नसते.

एवढा परिच्छेद मुलाला वाचायला द्या. बाबा रे, तू आईला काळजीनेच ओरडलास, मला कळतं. पण पुढच्या वेळी काही झालं तर ती तुला तिसऱ्या दिवशी सांगेल. चोराला नेमके तेच दोन दिवस हवे असतात.

झेपेल का, हा प्रश्न राहिला. मावशी, महिनाभर बँक त्या फोनवर घालूच नका. नुसतं नातीशी बोला, आणि फोनची भाषा मराठी करून घ्या. पुढचं पुढे.

प्रश्न : मी निवृत्त सरकारी नोकर, मडगावला एकटाच राहतो. गेल्या महिन्यात सकाळी व्हिडिओ कॉल आला. गणवेशातला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली. माझ्या आधारवर कोणी सिम घेऊन गुन्हा केला आहे, मी 'डिजिटल अटके'त आहे, कॉल बंद करायचा नाही, दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. दोन तास खुर्चीतून उठलो नाही. खात्यात किती आहे ते सांगून बसलो होतो. तेवढ्यात दारात पोदेराने भोंगा वाजवला. सवयीने उठलो, पाव घेतला, आणि परत येताना वाटलं, अटकेतला माणूस पाव कसा घेतो? कॉल तोडला. पैसे गेले नाहीत. पण अजून दार वाजलं की छातीत धडधडतं. ते खरेच पोलीस असले तर?
— ग. ना., मडगाव

उत्तर : काका, त्या पोदेराला चवथीला नेवऱ्या द्या.

नव्हते ते पोलीस. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस अटक करतात ती समोर उभं राहून, कारण सांगून, कागद करून, आणि नातेवाइकाला कळवून. "कोणाशी बोलू नका" ही अट कायद्याच्या नेमकी उलट आहे. चौकशीसाठी पैसे 'पडताळणीच्या खात्यात' भरा, असं कुठलंही न्यायालय, सीबीआय, आयकर खातं सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी खास याच फसवणुकीबद्दल सांगितलं होतं, एवढी ती पसरली होती. यात डॉक्टर, प्राध्यापक, मोठमोठे अधिकारी फसतात. उलट तुमच्यासारखा आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखलेला माणूस त्यांना जास्त हवा असतो. कागदावर शिक्का दिसला की तुमची पाठ आपोआप ताठ होते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

कॉल तोडू न देण्यामागेही हिशेब आहे. माणूस एकदा उठला, पाणी प्याला, शेजारच्याशी हवापाण्याचं बोलला, की भूल उतरते. तुमची पावाच्या वासाने उतरली.

सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय आहे, तो नंबर तिथे कळवा. पैसे गेलेले नसले तरी संशयित कॉल आणि मेसेज तिथे नोंदवता येतात. त्याच ठिकाणी तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघता येतं. ते एकदा बघाच, म्हणजे "तुमच्या नावाचं सिम" हे भूत मानेवरून उतरेल. खात्यात किती आहे ते सांगितलंत, त्याने पैसे जात नाहीत, पण बँकेत जाऊन कानावर घाला. आणि रोज संध्याकाळी एका माणसाला फोन करायचा नेम ठेवा. पुतण्या, जुना सहकारी, कोणीही. सुरक्षेचा उपाय म्हणूनच सांगते आहे.

प्रश्न : ताई, मी तारवटी आहे, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. आई पेडण्याला एकटी, वय ७२, मराठी चांगलं वाचते, इंग्रजी नाही. सुट्टीत तिला नवा फोन घेऊन दिला, सगळं शिकवलं. मी बोटीवर चढलो आणि ती सगळं विसरली. व्हिडिओ कॉलही उचलत नाही. फोन कसा लावून देऊ की ती सुरक्षित राहील आणि वापरेलही?
— एक तारवटी

उत्तर : दादा, 'सगळं शिकवलं' म्हणजे कसं शिकवलंत ते मला दिसतंय. फोन तुमच्या हातात, बोट तुमचं, आणि आई बाजूला उभी, "हं, हं" करत. दुकानात रोज हेच. मुलगा म्हणतो, "हे बघ, असं, असं आणि असं, झालं." तीन सेकंदांत तीन पडदे जातात. पुढच्या सुट्टीत एक नियम पाळा, फोन आईच्या हातातून घ्यायचा नाही. ती चुकीचं बटण दाबेल, कॅमेरा उघडेल, स्वतःचाच चेहरा बघून दचकेल. दचकू दे. तुम्ही हात मागे बांधून बसा. दिवसाला एकच गोष्ट. ती तिने तिच्या वहीत, तिच्या शब्दांत लिहायची. एका आजीने तिच्या वहीत व्हिडिओ कॉलचं बटण 'पोपटाची चोच' असं लिहून ठेवलंय. मला आधी कळलंच नाही, मग फोन उलटा धरून बघितलं आणि पटलं.

आता लावालावी. फोनची भाषा मराठी, अक्षरं मोठी. समोरच्या पडद्यावर चारच चित्रं, बाकी आत. काही ॲपांची मराठी इतकी कडक असते की लिहिणाऱ्याला आई नसावी असं वाटतं, पण इंग्रजीपेक्षा बरी. कीबोर्डवरच्या माइकचं चित्र तिला दाखवा. बोललं की मराठीत उमटतं. आई मध्येच कोंकणीत शिरेल आणि भलतंच काहीतरी उमटेल, तेवढीच करमणूक. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे 'माझे संपर्क' ठेवा.

पैशांचं मात्र नीट ऐका. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे किंवा ठेवींचं व्याज ज्या खात्यात येतं, ते खातं फोनला जोडूच नका. किराणा-औषधांसाठी 'यूपीआय सर्कल' बघा. यात खातं तुमचं, खर्च आई करते. त्याचा एक प्रकार असा की प्रत्येक वेळी तुम्ही मंजुरी द्यायची. तो तुमच्या कामाचा नाही. तुम्ही भर समुद्रात, आई औषधाच्या दुकानात उभी! दुसऱ्या प्रकारात आधीच मर्यादा ठरवून देता येते, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार, आणि तुम्ही त्याहून कमी ठेवू शकता. काही गेलंच तर तेवढंच जाईल, आणि तेही आईच्या म्हातारपणाच्या पुंजीतून नाही.

एक गोष्ट फोनबाहेरची. हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल होते. "आई, मी परक्या बंदरात अडकलोय, पैसे पाठव" असा तुमच्याच आवाजात फोन येऊ शकतो. त्यासाठी आधीच घरातला एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हा दोघांनाच माहीत. विहिरीत पडलेली कळशी कोणी काढली होती, असला काहीतरी. तो फेसबुकवर सापडत नाही.

आणि ती व्हिडिओ कॉल का उचलत नाही, हे तिला विचारलंत का? माझ्या ओळखीची एक आई उचलत नव्हती, कारण केस विंचरलेले नसायचे. मुलाने वेळ ठरवली, रविवारी चार. आता ती साडेतीनलाच माळा घालून बसते.

प्रश्न : मी म्हार्दोळला देवळाबाहेर जायांच्या वेण्या विकते. लेकीने क्यूआर लावून दिला. गर्दीत लोक फोन दाखवून "दिले" म्हणतात आणि जातात, संध्याकाळी पैसे कमी भरतात. परवा एकाने "तुम्हाला चुकून दोन हजार गेले, परत करा" म्हणून मेसेज दाखवला. एक जण म्हणाला, "हा माझा कोड स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील." मी केलं नाही. बरोबर केलं ना?
— फुलकार, म्हार्दोळ

उत्तर : वहिनी, एकदम बरोबर. पैसे घेताना स्कॅन करायचं नसतं, पिन घालायचा नसतो. पिन लागला की समजा पैसे तुमचे चालले. 'चुकून गेले' म्हणणाऱ्याचा मेसेज बघू नका, तुमच्या बँकेची शिल्लक बघा. तिथे दोन हजार आलेच नसणार. खरोखर आले असतील तर त्याला म्हणा, तुझ्या बँकेला सांग, ती परत घेईल.

दुसऱ्याच्या फोनवरची हिरवी टिकली म्हणजे पैसे नव्हेत. पैसे गेल्यासारखा पडदा दाखवणारी खोटी ॲपं मिळतात. तुमच्या हातात ओलं सूत आणि फुलं, तुम्ही फोन कधी बघणार? म्हणून आवाज करणारी पेटी घ्या, पैसे आले की आकडा बोलून सांगते, मराठीतही. भाडं किती ते घेण्याआधी विचारा, महिन्याला थोडं द्यावं लागतं. पेटी बोलल्याशिवाय वेणी हातात द्यायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. आणि सकाळी टोपली मांडताना क्यूआरच्या कागदावरून एकदा नख फिरवा, वर दुसऱ्याच कोणाचा चिकटवलेला नाही ना.

जायांचे दिवस सरायच्या आत मी एकदा येते. पेटी आणलीत तर बरोबर बसून दहा रुपये पाठवून बघू, घंटा वाजत असताना तिचा आवाज पुरतो का ते.